पेशीची वेस व कॅल्शियमचा निरोप

चुना आणि मनुष्यदेह यांचा संबंध सर्वांच्या परिचयाचा आहे. वाढत्या मुलास दूध द्यावें म्हणजे त्याचीं हाडें बळकट होतात, हें घरांतील आजीबाईसही ठाऊक असतें. शरीरांतील एकंदर कॅल्शियमपैकीं शेंकडा ९९ भाग हाडांत व दांतांत असतो, हेंही शाळेंतील पुस्तकांत आतां येतें. उरलेला जो शंभरावा भाग, त्याची फारशी वाच्यता होत नाहीं. वास्तविक हृदयाचें आकुंचन, स्नायूंची हालचाल, ग्रंथींचें स्रवणें, फलन होतांच स्त्रीबीजास येणारी जाग, इतकेंच काय पण पेशीनें वाढावें, दुभंगावें, जागचें हलावें किंवा मरावें, ह्या सर्व गोष्टींचा हुकूम ह्या शंभराव्या भागाच्याही एका अत्यल्प अंशाकडून सुटतो. कर्करोग म्हणजे वाढणें, हलणें व मरणें यांचेंच ताळतंत्र सुटणें. तेव्हां कॅल्शियमचा ह्या रोगाशीं संबंध असावा यांत नवल नाहीं. नवल आहे तें हा संबंध उलगडावयास लागलेल्या काळाचें, आणि ज्या ठिकाणीं तो उलगडला त्या ठिकाणाचें. तें ठिकाण म्हणजे पेशीचें पटल. ह्या पटलास दीर्घ काळपर्यंत एक साधें वेष्टन, फार तर सामान भरण्याची पिशवी, यापलीकडे कोणी मान देत नसे.

पटलाची जाडी मिलिमीटरच्या एक लक्षांशाहूनही कमी भरते. एवढ्या झिरझिरीत पडद्याच्या बाहेरील द्रवांत मोकळें कॅल्शियम जितकें असतें, त्याच्या सुमारें दहा हजाराव्या हिश्शाइतकेंच तें आंतील द्रवांत असतें. गांवकुसाबाहेर दहा हजारांचा जमाव उभा आहे आणि कुसाच्या आंत एकच इसम वावरत आहे, अशी कल्पना करावी. ही विषमता आपोआप टिकत नाहीं. आंत शिरलेला प्रत्येक कण बाहेर हांकलण्यासाठीं पटलांत पंप अहोरात्र चालू असतात व त्यांवर पेशी आपली शक्ति खर्च करिते. हा खटाटोप कशासाठीं? पेशीचा सर्व व्यवहार फॉस्फेटयुक्त द्रव्यांवर चालतो. आणि कॅल्शियमची फॉस्फेटशीं गांठ पडली कीं दोहोंचा मिळून खडा बनतो. हाडांत तेंच हवें असतें, पेशींत तें नको असतें. म्हणून जीवसृष्टीच्या आरंभापासून कॅल्शियमला वेशीबाहेर ठेवण्याची रीत पडली असावी. परंतु आंतली शांतता इतकी गाढ असल्यामुळें वेशीचा दरवाजा क्षणभर किलकिला झाला तरी आंत मोठीच वार्ता पसरते. जें विष म्हणून दूर ठेविलें, तेंच अशा रीतीनें निरोप्या झालें.

ह्या निरोप्याची पहिली ओळख पटली ती लंडनमधील नळाच्या पाण्यामुळें. युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधील वैद्य सिडनी रिंगर (१८३५–१९१०) हे रुग्णांच्या कामांतून मिळेल तो वेळ प्रयोगशाळेंत घालवीत. शरीरांतून काढून घेतलेलें बेडकाचें हृदय मिठाच्या पाण्यांत किती वेळ धडधडत राहतें, आणि त्या पाण्यांत कोणता क्षार मिसळल्यानें काय घडतें, हा त्यांचा विषय. १८८२ सालीं त्यांनीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मागाहून त्यांच्या ध्यानांत आलें कीं, ज्या पाण्यांत मीठ विरघळविलें होतें तें ऊर्ध्वपातित नव्हतेंच. न्यू रिव्हर वॉटर कंपनीनें पुरविलेलें तें नळाचें पाणी होतें. प्रयोगशाळेंतील सेवकानें कंटाळून तें परस्पर नळावरून भरलें, अशी आख्यायिका पुढें रूढ झाली. न्यू रिव्हर ही नांवाची नदी. प्रत्यक्षांत तो हर्टफर्डशायरमधील झऱ्यांपासून लंडनपर्यंत खोदून आणलेला व १६१३ सालीं पुरा झालेला कालवा आहे. खडूच्या खडकांतून उगम पावणाऱ्या त्या पाण्यांत कॅल्शियम होतें. रिंगर यांनीं शुद्ध पाणी घेऊन प्रयोग पुन्हां केला, तों हृदय थोड्याच वेळांत मंदावून थांबलें. कॅल्शियमचा लेश मिसळतांच तें पूर्ववत् चालूं लागलें. १८८३ च्या लेखांत त्यांनीं हा सर्व प्रकार आरंभींच लिहून टाकला. आपली चूक अशी चारचौघांत मांडणारे शास्त्रज्ञ सर्व काळीं थोडेच. आणि ह्या चुकीइतकें फळ थोड्याच बरोबर प्रयोगांस आलें असेल. त्यांच्या द्रवांत पुढें १९३० नंतरच्या वर्षांत अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञ अलेक्सिस हार्टमन यांनीं लॅक्टेटची भर घातली. आजही रुग्णालयांत शिरेंतून जी ‘रिंगर लॅक्टेट’ची बाटली लावितात, तिच्या नांवांत हे गृहस्थ टिकून आहेत, जरी बाटली धरून उभ्या राहिलेल्या आप्तेष्टांस त्याचा पत्ता नसतो.

रिंगर यांस कॅल्शियमचें सामर्थ्य दिसलें. तें पेशींत कोठें व कसें काम करितें हें दिसावयास त्या काळीं साधन नव्हतें. १९०० सालीं जर्मन प्राणिशास्त्रज्ञ कर्ट हर्ब्स्ट यांनीं दुसरीच एक बाजू दाखविली. सागरी अर्चिन नांवाच्या कांटेरी प्राण्याचे कोवळे गर्भ त्यांनीं कॅल्शियमविरहित समुद्रजलांत ठेविले, तेव्हां गर्भाच्या पेशी एकमेकींपासून सुटून विखुरल्या. कॅल्शियम हा पेशींना पेशी जोडणारा चुनाही आहे, असें त्यावरून ठरलें. ह्या गोष्टीचा कर्करोगाशीं मेळ घालण्याचा प्रयत्न अमेरिकन रोगशास्त्रज्ञ डेल रेक्स कोमन यांनीं १९४४ सालीं केला. कांचेच्या अतिसूक्ष्म सुईनें पेशींची जोडी ओढून पाहतां त्यांना असें आढळलें कीं, निरोगी पेशींपेक्षां कर्कपेशी फारच थोड्या ओढीनें अलग होतात. अर्बुदांत कॅल्शियमची उणीव असावी व त्यामुळें पेशींची पकड ढिली पडून त्या रक्तावाटे दूरदूर जात असाव्यात, असा तर्क त्यामागें होता. तर्क सरळ होता, म्हणूनच कदाचित् अपुरा ठरला. जपानी शास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची यांनीं १९७७ सालीं दाखविलें कीं, पेशींना सांधणारीं प्रथिनें पटलांतूनच बाहेर डोकावत असून कॅल्शियम त्यांना ताठ उभें धरितें. ह्या प्रथिनांना पुढें ‘कॅडहेरिन’ हें नांव मिळालें, आणि १९९० च्या सुमारास असें दिसून आलें कीं, पुष्कळ कर्कपेशी हें प्रथिनच गमावून बसलेल्या असतात. म्हणजे चुना कमी पडत नव्हता. ज्या विटांना तो लागावयाचा त्या विटाच भिंतींत उरल्या नव्हत्या. येथेंच प्रथम लक्ष कॅल्शियमवरून पटलाकडे वळतें.

पटलाचें स्वरूप ठरविण्याचा इतिहास वेगळ्याच लोकांनीं घडविला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झूरिक येथें चार्ल्स ओव्हरटन यांनीं वनस्पतींच्या पेशींत शेंकडों द्रव्यें सोडून पाहिलीं. जीं तेलांत सहज विरघळतात तींच पेशींत झटकन् शिरतात असें त्यांना आढळलें. अर्थात् वेस तेलकट असली पाहिजे. १९२५ सालीं हॉलंडमधील लायडन येथें गोर्टर व ग्रेंडेल यांनीं रक्ताच्या तांबड्या पेशींतील स्निग्ध द्रव्य काढून पाण्यावर एकपदरी पसरविलें, तेव्हां त्याचें क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलें. पटल दुपदरी आहे, हा सिद्धांत त्यावरून निघाला व तो आजही कायम आहे. गंमत अशी कीं, त्या मोजणींत दोन चुका होत्या: स्निग्ध द्रव्य सगळें निघालें नव्हतें, आणि पेशींचा पृष्ठभागही कमी मोजला गेला होता. दोन्ही चुकांनीं परस्परांस बरोबर खोडून काढिलें. रिंगर यांचें नळाचें पाणी आणि ही मोजणी पाहतां, शास्त्रदेवतेचें ह्या विषयावर विशेष वात्सल्य असावें असें वाटूं लागतें.

१९७२ सालीं सिंगर व निकल्सन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं पटलाचें जें चित्र रेखाटलें तेंच आज पाठ्यपुस्तकांत असतें. त्यांच्या मतें हा दुपदरी थर घट्ट भिंतीसारखा नसून संथ द्रवासारखा हलता आहे, व प्रथिनें त्यांत होड्यांप्रमाणें तरंगत असतात. पेशी कर्करूप धारण करिते तेव्हां पटलांत कोणते फरक होत असावेत, याचाही विचार त्यांनीं त्याच निबंधांत केला होता. वेस हलती आहे, हें एकदां मान्य झाल्यावर वेशीवर कोण कोठें उभें आहे हा प्रश्न अर्थपूर्ण झाला.

मध्यंतरीं वेशीचें आणखी एक विलक्षण कार्य उघडकीस आलें होतें, पण त्याचा अर्थ कोणास लागला नव्हता. १९५३ सालीं मेबेल व लोवेल होकिन ह्या दांपत्यानें कबुतराच्या स्वादुपिंडाचे तुकडे घेऊन त्यांना स्रवण्याची चेतना दिली, तेव्हां पटलांतील कांहीं स्निग्ध रेणूंची मोडतोड व पुनर्घटना एकाएकीं वाढली. पिशवीच्या कापडानें स्वतःचे धागे उसवून पुन्हां विणावेत, असला हा प्रकार. १९७५ सालीं इंग्लंडमधील रॉबर्ट मिशेल यांनीं निदर्शनास आणलें कीं, जेथें जेथें ही मोडतोड दिसते तेथें तेथें पेशींतील कॅल्शियमही चढतें. अखेर १९८३ सालीं केंब्रिज येथील मायकेल बेरिज व त्यांचे सहकारी यांनीं कोडें सोडविलें. बाहेरून संप्रेरकाचा निरोप आला कीं पटलांतील एका विशिष्ट स्निग्ध रेणूचे दोन तुकडे होतात. पहिला तुकडा पाण्यांत विरघळणारा असतो. तो पटल सोडून आंत जातो आणि पेशींतील आंतर्द्रव्यजालिका नांवाच्या कोठाराचें दार उघडून तेथील सांठविलेलें कॅल्शियम मोकळें करितो. दुसरा तुकडा पटलांतच राहतो.

ह्या दुसऱ्या तुकड्याची हकीकत मराठी वाचकास विशेष रंजक वाटेल, कारण तींत जमालगोटा येतो. जमालगोट्याच्या बियांचें तेल तीव्र रेचक म्हणून आपल्याकडील वैद्यांस पूर्वापार माहीत आहे. कोणाची खोड मोडण्यासाठीं जमालगोटा देण्याची भाषा तर नाटकांतूनही ऐकूं येते. हेंच तेल पाश्चात्य प्रयोगशाळांत क्रोटन तेल ह्या नांवानें वावरतें. १९४१ च्या सुमारास ऑक्सफर्ड येथील आयझॅक बेरेनब्लूम यांनीं उंदरांच्या कातडीवर प्रयोग करून असें दाखविलें कीं, हें तेल एकटें लावल्यास कर्करोग सहसा होत नाहीं. परंतु आधीं एखाद्या कर्ककारक द्रव्याची अल्प मात्रा लावून मागाहून वारंवार हें तेल लावल्यास गांठींचें पीक येतें. ठिणगी पहिल्या द्रव्याची, फुंकर तेलाची. ही फुंकर कशी काम करिते हें चाळीस वर्षें गूढ होतें. १९८२ सालीं जपानांतील कोबे येथील यासुतोमी निशिझुका व त्यांचे सहकारी यांनीं तें उकललें. तेलांतील ‘फोर्बोल’ वर्गांतील द्रव्य पटलांत शिरून त्या दुसऱ्या तुकड्याचें सोंग घेतें. खऱ्या तुकड्याचें काम असें कीं, कॅल्शियमच्या साहाय्यानें ‘प्रोटीन कायनेझ सी’ नांवाच्या प्रथिनास पटलापाशीं बोलावून कामास लावावयाचें. खरा तुकडा थोड्याच वेळांत नष्ट होतो व निरोप संपतो. तोतया मात्र लौकर नष्ट होत नाहीं व निरोप चालूच राहतो. पेशीच्या कारभारांत तोतयांचें बंड कसें माजतें याचें हें उत्तम उदाहरण होय. तथापि प्रकरण इतक्यावर मिटलें नाहीं. २०१५ सालीं मनुष्याच्या अर्बुदांतील ह्या प्रथिनाचे बिघाड तपासले असतां, त्यांतील पुष्कळसे बिघाड प्रथिनास दुबळें करणारे निघाले. म्हणजे आरोपी समजलेला इसम कित्येक ठिकाणीं रखवालदारच होता.

कोठारांतील कॅल्शियम संपतें तेव्हां बाहेरून तें भरून घ्यावें लागतें. कोठार रिकामें झाल्याची बातमी वेशीवर पोंचते व वेस उघडते, हा विचार १९८६ साली अमेरिकेंतील जेम्स पटनी यांनीं मांडला. १९९२ सालीं होथ व पेनर ह्या जर्मन संशोधकांनीं त्या प्रवेशाचा अतिशय क्षीण विद्युत्प्रवाह मोजूनही दाखविला. परंतु बातमी नेणारा कोण व द्वारपाल कोण, हें आणखी तेरा-चौदा वर्षें समजलें नाहीं. २००५ साली बातमीदार सांपडला: ‘स्टिम’ नांवाचें प्रथिन. तें कोठाराच्या भिंतींत बसून आंतील सांठा जोखीत असतें. सांठा घटला कीं अनेक स्टिम एकत्र जमून कोठाराचा तेवढा भाग पटलाच्या अगदीं निकट येतो. २००६ सालीं द्वारपाल सांपडला. उपजतच रोगप्रतिकारशक्ति नसलेल्या एका कुटुंबांतील मुलांच्या पेशींत कॅल्शियम शिरत नव्हतें. त्यांच्या दोषाचा शोध घेतां घेतां पटलांतील ‘ओराय’ हें प्रथिन हातीं लागलें. ग्रीक पुराणांत स्वर्गाचीं दारें राखणाऱ्या देवतांचें हें नांव. वैकुंठाच्या दारीं जय-विजय उभे असतात तशाच त्या. जय-विजयांची एक चूक त्यांस तीन जन्म भोंवली हें सर्वश्रुत आहे; ओरायची चूक त्या मुलांस भोंवली होती.

ज्या स्टिमला २००५ साली ही प्रतिष्ठा मिळाली, त्याची त्यापूर्वींची ओळख निराळीच होती. १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका शोधांत तें स्नायूंच्या एका कर्करोगाची वाढ रोखणारें म्हणून पुढें आलें होतें. उलट २००९ सालीं न्यूयॉर्क येथील संशोधकांनीं स्तनाच्या कर्कपेशींतील स्टिम किंवा ओराय कमी करून त्या उंदरांत सोडल्या, तेव्हां त्या पेशींचा फुप्फुसांतील फैलाव पुष्कळ घटला. चालणारी पेशी पुढें पाय रोवते व मागील पाय उचलते. कॅल्शियमचा प्रवेश रोखतांच मागचे पाय उचलेनासे झाले, व पेशी जागींच अडकून पडली. ह्या गोष्टीचें महत्त्व कर्करोगाचा अनुभव असलेल्या कुटुंबांस सांगावयास नको. मूळ गांठ शस्त्रक्रियेनें काढतां येते. रोगी बहुधा दगावतो तो गांठ पसरल्यामुळें.

एकच प्रथिन एका ठिकाणीं वाढ रोखतें व दुसऱ्या ठिकाणीं प्रसारास हातभार लावितें, याचा उलगडा कसा व्हावा? त्यासाठीं एका कोंबडीकडे वळलें पाहिजे. १९०९ सालीं एका शेतकऱ्यानें न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेंत गांठ आलेली एक कोंबडी आणली. तेथील पेटन राऊस यांनीं गांठेचा रस अतिसूक्ष्म गाळणींतून गाळून दुसऱ्या कोंबड्यांस टोंचला, आणि त्यांनाही गांठी आल्या. हा विषाणूजन्य कर्करोग त्यांनीं १९११ सालीं जाहीर केला. नोबेल पारितोषिक त्यांस १९६६ सालीं, वयाच्या ८७ व्या वर्षीं मिळालें. दीर्घायुष्याचा असाही एक उपयोग आहे. त्यांच्या विषाणूनें बिघडविलेल्या पेशी पुढें शेंकडों प्रयोगशाळांत वाढविल्या गेल्या. १९७१ सालीं सॅम्युएल बॉक यांनीं पाहिलें कीं, कोंबडीच्या निरोगी पेशी कॅल्शियम कमी असलेल्या द्रवांत वाढणें थांबवितात, पण ह्या विषाणूनें बिघडलेल्या पेशी त्याची पर्वा न करितां वाढतच राहतात. बाहेरचा हुकूम त्यांना लागतच नाहींसा झाला होता. १९८९ सालीं ह्याच प्रकारच्या पेशींत एक नवें प्रथिन आढळलें, ज्यावर विषाणूची मोहोर उठलेली होती. तें प्रथिन कोठें असतें याचा मागोवा घेतां १९९२ सालीं संशोधक पटलांतील गुहांपाशीं येऊन पोंचले.

ह्या गुहा नव्या नव्हत्या. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हातीं येतांच जॉर्ज पॅलेड यांनीं १९५३ सालीं व यामादा यांनीं १९५५ सालीं पेशीच्या पटलावर आंत वळलेले चंबूसारखे सूक्ष्म खळगे पाहिले होते. यामादा यांनीं त्यांस लहान गुहा ह्या अर्थाचें लॅटिन नांव दिलें, ‘कॅव्हिओला’. मिलिमीटरच्या दहा-पंधरा हजाराव्या भागाएवढी त्यांची रुंदी. चाळीस वर्षें त्या चित्रांतच राहिल्या. १९९२ सालीं कळलें कीं, राऊसच्या विषाणूची मोहोर ज्यावर होती तेंच प्रथिन ह्या गुहांचें अस्तर आहे. त्यास ‘कॅव्हिओलिन’ म्हणतात. लगोलग जपानांत फुजिमोतो यांनीं दाखविलें कीं, कॅल्शियमला बाहेर फेंकणारे पंप ह्या गुहांत दाटीनें बसलेले असतात. १९९८ सालीं रक्तवाहिन्यांच्या अस्तरांतील पेशींचें निरीक्षण करितां कॅल्शियमची लाट पेशींत वाटेल तेथून उठत नसून कॅव्हिओलिननें समृद्ध अशा कांठांपासून उठते, असें आढळलें. पटल हें सपाट मैदान नसून त्यांत चावड्या आहेत, व कॅल्शियमचा दरबार तेथें भरतो, ही गोष्ट अशा रीतीनें पुढें आली.

चावड्या केवळ गुहांच्याच असतात असें नाहीं. १९९७ सालीं सायमन्स व इकोनेन यांनीं प्रतिपादन केलें कीं, कोलेस्टेरॉल व कांहीं स्निग्ध द्रव्यें एकत्र येऊन पटलांत घट्टसर तराफे बनतात व ठराविक प्रथिनें त्यांवर बसून प्रवास करितात. ह्या तराफ्यांवरून शास्त्रज्ञांत वर्षानुवर्षें रणें माजलीं. साध्या सूक्ष्मदर्शकास न दिसणारे व क्षणांत जुळून क्षणांत मोडणारे तराफे खरे कीं प्रयोगांतील साबणानें निर्माण केलेले, असा प्रश्न विरोधक विचारीत, व तो गैरवाजवी नव्हता. आज मतभेद त्यांच्या आकाराविषयीं व आयुष्याविषयीं आहेत. पटलांतील स्निग्ध द्रव्यें सर्वत्र सारखीं पसरलेलीं नसतात, हें बहुतेकांस मान्य आहे.

आतां कर्कपेशीच्या ह्या चावड्यांचें काय होतें? १९९५ सालीं कर्करूप दिलेल्या पेशींत कॅव्हिओलिन घटून गुहाही नाहींशा झालेल्या दिसल्या, तेव्हां गुहा म्हणजे कर्करोगाविरुद्धचें संरक्षण असें पुष्कळांनीं मानलें. तीनच वर्षांनीं पुरःस्थ ग्रंथीच्या पसरलेल्या कर्करोगांत कॅव्हिओलिन उलट वाढलेलें आढळलें. स्टिमच्या बाबतींत जें झालें तेंच येथेंही. ह्या विरोधांतून हळूहळू एकच अर्थ निघूं लागला. कॅल्शियम पेशींत किती आलें, एवढ्यावरून तें काय घडवील हें सांगतां येत नाहीं. तें कोणत्या दारानें आलें व त्या दाराशेजारीं कोण बसलें होतें, ह्यावर पुढचें अवलंबून असतें. पेशीला मरावयास लावणारा निरोप व चालावयास लावणारा निरोप एकाच धातूनें लिहिलेले असतात. अक्षरें तींच, पत्ता वेगळा. कर्कपेशी कॅल्शियमचा नवा धर्म शिकत नाहीं. ती चावडीवरचीं माणसें बदलते.

हें ध्यानांत न घेतां सरसकट दार लावूं पाहणाऱ्या औषधांस यश आलेलें नाहीं. कॅल्शियमचा प्रवेश रोखणारें ‘कार्बॉक्सिअमिडोट्रायाझोल’ नांवाचें औषध फुप्फुसाच्या वाढलेल्या कर्करोगांत देऊन पाहण्यांत आलें; २००८ सालीं त्याचा निकाल लागला, तो असा कीं, त्यानें रोग्यांचें आयुष्य वाढलें नाहीं. भूमध्य समुद्राकांठच्या ‘थॅप्सिया’ वनस्पतींतील एक विष कोठाराचा पंप बंद पाडून पेशीस मारतें. तें अर्बुदापर्यंत पोंचेतों निद्रिस्त राहील अशा रूपांत नेण्याचे प्रयत्न झाले आहेत, कारण निरोगी व रोगी दोन्ही पेशींचा पंप एकच. येथें एका गैरसमजाचें निवारण केलें पाहिजे. ह्या सर्व विवेचनावरून दूध बंद करावें किंवा कॅल्शियमच्या गोळ्या टाकून द्याव्यात, असें कोणी समजूं नये. रक्तांतील कॅल्शियमचें प्रमाण गळ्यांतील परावटु ग्रंथी मोठ्या कसोशीनें राखीत असतात, आणि पेशीच्या वेशीवर जें चालतें तें ताटांतील दुधावर ठरत नसतें. गोळ्या घ्याव्या कीं नाहीं, हें वैद्यास विचारावें, शेजाऱ्यास नव्हे.

दाराऐवजीं चावडीवरच उपाय करून पाहण्याचा प्रयोग फ्रान्समधील तूर येथें झाला, व तो २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. तेथील संशोधकांस असें आढळलें होतें कीं, पसरणाऱ्या कर्कपेशींत ओराय एकटा नसतो. कोलेस्टेरॉलच्या तराफ्यावर त्याच्या शेजारीं ‘एसके-३’ नांवाचें पोटॅशियमचें द्वार येऊन बसलेलें असतें. पोटॅशियम बाहेर पडल्यानें पटलाच्या आंतील बाजूचा ऋण विद्युत्भार वाढतो. त्या ओढीनें ओरायमधून कॅल्शियम अधिक शिरतें. आणि आंत आलेलें कॅल्शियम एसके-३ उघडें ठेवितें. दोघे परस्परांस टेकू देतात, व कोठार भरलेलें असलें तरी वेस उघडीच राहते. तूर येथें ‘ओमलाईन’ नांवाचा एक स्निग्ध रेणु तयार करण्यांत आला. तो पटलांत शिरून ह्या जोडीस तराफ्यावरून हलवितो. ओराय नष्ट होत नाहीं, एसके-३ ही नष्ट होत नाहीं; दोघांची बैठक मोडते. तेवढ्यानें कॅल्शियमचा तो अखंड प्रवेश घटला, पेशींचें चालणें मंदावलें, आणि ज्या उंदरांस हें द्रव्य दिलें त्यांच्या हाडांत कर्करोगाचा प्रसार कमी झाला. प्रयोग उंदरांवरील आहे, आणि उंदीर व मनुष्य यांतील अंतर ओलांडतांना ह्या क्षेत्रांतील बहुतेक आशा वाटेंतच राहिल्या आहेत, हें विसरून चालणार नाहीं. परंतु स्तनाचा कर्करोग पसरतांना ज्या हाडांकडे वारंवार धांव घेतो, त्याच हाडांत शरीराचा ९९ टक्के चुना सांठविलेला असतो. कर्कपेशी तेथें हाडांस झिजविणाऱ्या पेशींना चेतवितात. हाड झिजलें कीं त्यांतील कॅल्शियम व वाढीचीं द्रव्यें सुटतात, आणि हें सारें ज्यांची वेस उघडीच आहे अशा पेशींच्या दारांत येऊन पडतें.